बांधकाम मजुरांचे सुरक्षा प्रशिक्षण: या चुका टाळा

खान्देशातील पुष्कळ बांधकामांवर प्रशिक्षणाच्या नोंदवहीत सह्या आणि अंगठे व्यवस्थित असतात, पण परांचीवर चढलेला मजूर पडण्यापासून वाचवणारा सुरक्षा पट्टा अंगात घालून त्याचा हूक मोकळाच ठेवतो. याला मजुराचा निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे आहे, कारण हूक कुठे अडकवायचा हे त्याला हाताने करून दाखवलेलेच नसते.

पहिली चूक भाषेची होते. सातपुड्यातून आलेल्या मजुराची घरची बोली पावरी किंवा भिली असते, आसपासच्या खेड्यांतला मजूर अहिराणी बोलतो, आणि प्रशिक्षण मात्र छापील मराठीत वाचून दाखवले जाते. त्याच टोळीतील एखाद्या जाणत्या गवंड्याला आधी नीट शिकवून त्याच्याकडून त्यांच्या बोलीत सांगवावे. “समजले का?” असे विचारल्यास सगळे मान हलवतात, विशेषतः मुकादम समोर उभा असताना, म्हणून प्रत्येकाकडून कृती करून घ्यावी.

पट्ट्याचा सराव जमिनीवरच सुरू करावा. पट्टा पूर्ण अंगाचा असावा आणि हूक शक्यतो डोक्याच्या वर, पक्क्या आधाराला अडकवावा. परांचीच्या बांबूला अडकवलेला हूक बांबूसकट खाली येऊ शकतो. पडून पट्ट्याला लटकलेल्या माणसाला लवकर उतरवले नाही, तर मांड्यांवरील दाबाने रक्ताभिसरण बिघडून त्याच्या जिवाला धोका होतो, हे बहुतेक प्रशिक्षणांत सांगितलेच जात नाही. त्याला कोणी आणि कशाने उतरवायचे, हे काम सुरू होण्यापूर्वीच ठरलेले असावे.

मजूर हेल्मेट काढून ठेवत असतील, तर दंड करण्याआधी ते डोक्यावर नीट बसते का ते पाहावे. आतली पट्टी प्रत्येकाच्या मापाने आवळून दिली की निम्मी तक्रार मिटते.

उन्हाचा विषय आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित राहतो, याची खंत वाटते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो, आणि गावाकडून नुकताच आलेला मजूर पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी उन्हात स्लॅबवर काढतो. नव्या माणसाला पहिल्या दिवशी पाळीच्या सुमारे 20 टक्के वेळच उन्हात काम द्यावे आणि पुढे रोज थोडे वाढवावे. तो असंबद्ध बोलू लागला किंवा त्याचा तोल जाऊ लागला, तर तो उष्माघात समजून 108 ला फोन करावा, त्याला सावलीत नेऊन अंगावर गार पाणी ओतत राहावे, आणि शुद्ध हरपली असल्यास तोंडात पाणी घालू नये.

तापी-गिरणेच्या खोऱ्यातील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. त्यामुळे काल भक्कम दिसलेली चारीची (खणलेल्या लांब खड्ड्याची) भिंत पावसानंतर ढासळू शकते. दीड मीटरपेक्षा खोल चारीला आधार द्यावा किंवा बाजू उतरत्या कापाव्यात, काढलेली माती काठावर रचू नये, आणि पाऊस झाल्यावर पुन्हा पाहणी केल्याशिवाय कोणालाही आत उतरवू नये.

ओल्या सिमेंटने कातडी भाजते, हे अनवाणी घमेली वाहणाऱ्या बायांना आवर्जून सांगावे. त्यांना गमबूट द्यावेत आणि धुण्यासाठी स्वच्छ पाणी जवळ ठेवावे.

काम पायाभरणीतून स्लॅबवर गेले की धोकेही बदलतात, तेव्हा त्या दिवशी सकाळी काम सुरू होण्यापूर्वी, त्याच जागेवर उभे राहून, दहा मिनिटांचे प्रशिक्षण पुन्हा घ्यावे.