लहान मुलांना घेऊन जहांगीरला जाताना

मुंबईत काळा घोड्याला १९५२ पासून असलेल्या जहांगीर कलादालनात जायला तिकीट लागत नाही. त्यामुळे पैसे वसूल करण्यासाठी प्रत्येक दालन पालथं घालायची गरज नाही. तीन ते आठ वर्षांच्या मुलांना तीस-चाळीस मिनिटं पुरतात. दालन सकाळी ११ ते संध्याकाळी ७ उघडं असतं. सकाळी पोटभर नाश्ता करून उघडतानाच पोहोचा, नाहीतर दुपारची झोप झाल्यावर चारला. उद्घाटनाची संध्याकाळ टाळा. त्या गर्दीत मुलांना फक्त पाय दिसतात.

पोहोचल्यावर एकाने मुलांसोबत बाहेर थांबावं आणि दुसऱ्याने आत पाच मिनिटांची फेरी मारावी. फेरीत तीन-चार चित्रं निवडा. धक्क्याने पडतील अशी शिल्पं कुठे आहेत आणि मुलांना आत्ताच दाखवायला नको असं काही आहे का, तेही बघून ठेवा. पाठीवरच्या सॅक पुढे घ्या, कारण वळताना मागचं भान राहत नाही.

नुसतं ‘हात लावू नको’ म्हणून भागत नाही. मोबाइलच्या स्वच्छ स्क्रीनवर मुलाला बोट टेकवायला सांगा आणि उमटलेला डाग दाखवा. त्वचेवरचं तेल आणि घामातलं मीठ चित्रावरही असंच बसतं. त्यात तैलरंगाचा जाड थर वरून सुकलेला वाटला तरी आत कित्येक महिने मऊ असू शकतो. आत शिरताना हात पाठीमागे धरायचे, एवढा एकच नियम ठेवा.

आता खरी अडचण. चित्रं मोठ्यांच्या नजरेला येतील अशी टांगतात. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटीमीटरवर असतो. चार वर्षांच्या मुलाचे डोळे असतात नव्वदच्या आसपास. त्याला चौकटीची खालची कड दिसते आणि काच असेल तर तिच्यावरचा दिवा. आपण मात्र ‘नीट बघ’ म्हणत त्याला आणखी पुढे ओढतो! उलट दोन-अडीच मीटर मागे या, शेजारी उकिडवे बसा आणि त्याच्या उंचीवरून आधी स्वतः बघा. काच चमकत असेल तर थोडं बाजूला सरका. बारकावे दाखवायचे असतील तेव्हा कडेवर घ्या.

‘कसं वाटलं?’ विचारलं की ‘छान’ एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा ‘वारा कुठून येतोय?’, ‘सगळ्यात शेवटी कुठला रंग लावला असेल?’ असं विचारा. दुसऱ्या प्रश्नासाठी कुठला फटकारा कशावरून गेलाय ते शोधावं लागतं, आणि यात मुलं मोठ्यांना हरवतात. चित्रकार बऱ्याचदा तिथेच बसलेले असतात. उत्तर बरोबर आहे का, हे मुलालाच विचारू द्या. फोटो काढायचा असेल तर आधी परवानगी घ्या, फ्लॅश नको.

सोबत छोटी वही आणि पेन्सिल असू द्या. स्केचपेन घरीच ठेवा, टोपण हरवलं की भिंत रंगते. निघताना अभिप्राय वहीत मुलाला दोन शब्द लिहू द्या. लिहिता येत नसेल तर विचारून चित्र काढू द्या.

शेजारचं वस्तुसंग्रहालय त्याच दिवशी नको. त्याऐवजी बाहेर फुटपाथवरच्या चित्रकारांपाशी थांबा. मुलाचं व्यक्तिचित्र काढून घ्यायचं असेल तर पैसे आणि वेळ आधी विचारा. पाच वर्षांचं मूल दहा मिनिटंसुद्धा मुश्किलीने बसतं, म्हणून त्याच्याऐवजी बाबांना स्टुलावर बसवा आणि त्याला चित्रकाराच्या मागे उभं करा.