दवाखाना बंद असताना कुत्र्या-मांजराची तब्येत बिघडली तर

रात्री घरातलं जनावर आजारी पडलं की एकच प्रश्न असतो: सकाळपर्यंत थांबता येईल का? उत्तर बहुतेक वेळा श्वास, हिरड्या आणि लघवी या तीन गोष्टींतून मिळतं.

जनावर शांत पडलेलं असताना छाती किती वेळा वर येते ते ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. मिनिटाला १५ ते ३० श्वास ठीक. आराम करतानाही आकडा ४० च्या वर राहत असेल तर निघायची तयारी करा. खेळून आलेलं कुत्रं धापा टाकतं, ते वेगळं. मांजर मात्र तोंड उघडून श्वास घेत असेल, तर ते दमलंय असं समजून वाट पाहू नका.

मग वरचा ओठ उचला. हिरडी गुलाबी आणि ओलसर हवी. बोटाने दाबून सोडल्यावर उमटलेला पांढरा ठसा दोन सेकंदांच्या आत भरून यायला हवा. पांढरट हिरडी रक्तस्राव, शॉक (शरीराला पुरेसं रक्त न पोचणं, विजेचा धक्का नव्हे) किंवा रक्ताची कमतरता सुचवते, निळसर हिरडी प्राणवायू कमी पडत असल्याचं सांगते. काहींच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात. त्यांच्या खालच्या पापणीची आतली बाजू पाहा. हे सगळं जनावर ठणठणीत असताना एकदा करून ठेवा, म्हणजे फरक लगेच कळेल.

सगळ्यात जास्त चुकतं ते बोक्याच्या लघवीबाबत. तो पुन्हा पुन्हा वाळूच्या डब्यात जाऊन कुंथतो, ओरडतो, मागचा भाग चाटत राहतो, आणि घरच्यांना वाटतं बद्धकोष्ठ झालंय. खरं तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. लघवी बाहेर पडेना झाली की रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदयाची लय बिघडते; एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. वाळू कोरडी असेल तर त्याच रात्री न्या. पोट दाबून लघवी काढायचा प्रयत्न करू नका, मूत्राशय फुटू शकतं.

मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्याचं पोट फुगलंय, तोंडातून लाळ गळतेय, ते एका जागी टिकत नाही आणि नुसत्या कोरड्या ओकाऱ्या येतायत, बाहेर काहीच पडत नाही, तर जठराला पीळ पडलेला असण्याची शक्यता मोठी. यावर घरी कुठलाही उपाय नाही. शस्त्रक्रिया लागते आणि तिथे प्रत्येक तास मोलाचा.

फिट ५ मिनिटांपेक्षा जास्त टिकली, किंवा २४ तासांत एकाहून जास्त वेळा आली, तरीही थांबू नका. तोंडात हात घालायचा नाही. आजूबाजूचं सामान हटवा आणि घड्याळ पाहा. मांजराचे मागचे पाय अचानक लुळे आणि थंड पडणं, डोळा खोबणीतून बाहेर येणं, उंचावरून पडणं (वरून जखम दिसत नसली तरी), हेही त्याच रात्रीचं काम.

विष पोटात गेल्याची शंका असेल तर लक्षणांची वाट पाहू नका. उंदराच्या काही औषधांमुळे होणारा रक्तस्राव ३ ते ५ दिवसांनी दिसतो. लिलीच्या फुलाचे अंगावर पडलेले परागकण चाटले तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा जुना उपाय पूर्ण सोडून द्या: मिठानेच विषबाधा होते. ॲसिड किंवा रॉकेलसारखं काही गेलं असेल, तर उलटीने अन्ननलिका किंवा फुप्फुसं आणखी जळतात. वेष्टन सोबत घ्या, त्यावर घटक आणि प्रमाण असतं.

उष्माघातात मात्र उपचार घरापासूनच सुरू करायचा. अंगावर थंड पाणी ओता, पंखा लावा, मग गाडीत घाला. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, त्याखाली उष्णता अडकते. थर्मामीटर असेल तर ताप १०३ फॅरनहाइटवर आला की पाणी थांबवा.

वाहणाऱ्या जखमेवर स्वच्छ कापड ५ मिनिटं सलग दाबून धरा. कापड भिजलं तरी काढू नका, त्यावर दुसरं ठेवा.

निघण्याआधी फोन कराच. अनेक दवाखाने २४ तास असं लिहितात, पण रात्री फक्त मदतनीस असतो. म्हणून सरळ विचारा: आत्ता डॉक्टर हजर आहेत का? ऑक्सिजन आहे का? आज रात्री शस्त्रक्रिया होईल का? स्वतःकडून जात, वय, वजन, काय झालं, कधीपासून, आणि हिरड्यांचा रंग सांगा. असे दोन नंबर आधीच साठवून ठेवा. नेहमीच्या डॉक्टरांना विचारलं तर ते रात्री कुणाकडे पाठवतात हे सांगतात. पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय जवळ असेल तर त्याची रात्रीची व्यवस्थाही विचारून ठेवा.

नेताना मांजराला पिंजऱ्यात, जखमी कुत्र्याला फळीवर किंवा ताणून धरलेल्या चादरीवर घ्या. वेदनेत प्रेमळ जनावरही चावतं, पण उलट्या किंवा धाप असेल तर तोंड बांधू नका. भूल द्यावी लागू शकते, म्हणून वाटेत खायला काही नको. माणसाचं वेदनाशामक तर अजिबात नको.

घरी सोडताना कोणतं लक्षण दिसलं तर परत यायचं, आणि पुढचा डोस किती वाजता, हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.