बीजप्रक्रिया करूनही रोग का येतो? या चुका टाळा

बीजप्रक्रिया केली, तरीही रोग आला, की दोष औषधाला दिला जातो. बहुतेक वेळा औषध चांगलेच असते. रोग जिथे बसलेला आहे तिथे ते पोहोचलेले नसते. ज्वारीच्या दाणे काणी या बुरशीजन्य रोगाचे बीजाणू दाण्याला बाहेरून चिकटलेले असतात, म्हणून ३०० मेश (म्हणजे अतिशय बारीक) गंधक किलोला ४ ग्रॅम या प्रमाणात चोळले की काम भागते. गव्हाच्या मोकळ्या काणीची बुरशी मात्र फुलोऱ्यातच आत शिरते आणि दाण्याच्या अंकुरात सुप्त राहते. असा दाणा टपोरा आणि स्वच्छ दिसतो, पण पुढच्या हंगामात त्याच्या ओंबीत दाण्यांऐवजी काळी भुकटी भरते. तिथे गंधक चोळणे व्यर्थ आहे. १९३०च्या दशकात लायलपूरच्या (आताचे पाकिस्तानातील फैसलाबाद) कृषी महाविद्यालयात वनस्पतिरोगतज्ज्ञ लुथ्रा यांनी यावर उन्हाची पद्धत बसवली: कडक उन्हाळ्यात सकाळी चार तास बी पाण्यात भिजवायचे, म्हणजे बुरशी जागी होते, आणि दुपारी तापत्या उन्हात पसरायचे, म्हणजे ती मरते. पुढे कार्बोक्सिनसारखी आंतरप्रवाही, म्हणजे बियाण्याच्या आत भिनणारी, बुरशीनाशके आली. रोग बियाण्याच्या बाहेर आहे की आत, हे ठाऊक नसताना दुकानातून पुडी आणणे ही पहिली चूक, आणि बाकीच्या बऱ्याच चुका तिच्यातूनच निघतात.

उसात या चुकीची किंमत सर्वांत जास्त मोजावी लागते, कारण बेणे एकदा लावले की लागण आणि खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटणारे पुढचे पीक) मिळून दोन-तीन वर्षे तेच बेणे रानात राहते. माझ्या परिचयातील एका शेतकऱ्याने शेजारच्या हिरव्यागार खोडव्यातून बेणे आणले. टिपऱ्या, म्हणजे लावायचे उसाचे तुकडे, कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवल्या आणि आता काळजी नाही असे समजून लागण केली. उगवण उत्तम झाली. काही महिन्यांनी रानात मधूनमधून अशी बेटे दिसू लागली, ज्यांना गवतासारखे असंख्य बारीक फुटवे होते, पाने पांढरट होती आणि कांडी धरतच नव्हती. त्याला तो केवडा, म्हणजे लोहाच्या कमतरतेचा पिवळेपणा, वाटला, म्हणून त्याने फेरस सल्फेटच्या फवारण्या सुरू केल्या. लोहाच्या कमतरतेने उसाचा पट्टाच्या पट्टा पिवळा पडतो आणि फवारणीनंतर नवी पाने हिरवी येतात. इथे निरोगी बेटाशेजारी एकच बेट पांढरे होते आणि फवारणीला दाद देत नव्हते. तो रोग गवताळ वाढीचा होता. त्याचा कारक फायटोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जिवाणू उसाच्या अन्नवाहिन्यांत राहतो आणि बुरशी नसल्यामुळे कार्बेन्डाझिमचा त्याच्यावर काहीही परिणाम होत नाही. सर्वांत वाईट गोष्ट पुढे घडली. लागणीचा खर्च वाचवण्यासाठी त्याने तोच ऊस खोडव्याला राखला, आणि खोडव्यात रोगट बेटे कितीतरी वाढली.

बेण्याच्या आतल्या या रोगावर उपाय उष्णतेचाच आहे. उष्ण बाष्प हवा संयंत्रात ५४ अंश सेल्सिअसला अडीच तास प्रक्रिया करून मूलभूत बेणे तयार करतात, त्यापासून पायाभूत आणि त्यापासून प्रमाणित बेणे वाढवतात. हा त्रिस्तरीय बेणे मळा वेळखाऊ आहे, आणि ज्यांना पहिल्याच वर्षी उत्पन्नाचा विक्रम करायचा असतो त्यांना तो नकोसा वाटतो. मला त्यांची घाई समजते, पण पटत नाही. मी खोडव्याचे बेणे कधीच घेत नाही, आणि मळा नऊ ते अकरा महिन्यांचा होण्याची वाट न पाहता तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच एकदा सरी-सरीने फिरून पाहतो. बेणे तोडण्याच्या दिवशी मळा पाहायला जाणे म्हणजे फार उशिरा जाणे.

दुसरी चूक कोयत्याची. खोडवा खुजा होण्याच्या रोगाचे जिवाणू उसाच्या जलवाहिन्यांत असतात आणि बाहेरून खात्रीची खूण दिसत नाही. एक रोगट ऊस तोडला की तोच कोयता पुढच्या निरोगी उसांत रोग पेरत जातो. कोयता फडक्याने पुसणे म्हणजे निर्जंतुक करणे नव्हे. मी दोन कोयते ठेवतो: एक हातात, दुसरा जंतुनाशकाच्या बादलीत, आणि दर ओळीला अदलाबदल.

ज्यांना हा अतिरेक वाटतो त्यांना मी मानवी मेंदूचे उदाहरण सांगतो. क्रॉइट्झफेल्ट-याकोब या मेंदूच्या रोगात मुळात जंतूच नसतो. घडी बिघडलेले प्रथिन हेच बीज असते. ते शेजारच्या निरोगी प्रथिनाला स्पर्शून त्याचीही घडी बिघडवते आणि रोग मेंदूभर पसरतो. स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये त्याला प्रायॉन हे नाव दिले आणि १९९७ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. स्वित्झर्लंडमध्ये अशा एका रुग्णाच्या मेंदूत वापरलेले इलेक्ट्रोड अल्कोहोल आणि फॉर्मॅल्डिहाइडच्या वाफेने स्वच्छ करून अपस्माराच्या दोन तरुण रुग्णांना लावले गेले, आणि त्या दोघांनाही हाच रोग झाला. हे १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे तेच इलेक्ट्रोड एका चिंपांझीच्या मेंदूत बसवले, तेव्हा त्यालाही रोग झाला. फॉर्मॅल्डिहाइड जंतू मारते, पण प्रायॉन त्याने नष्ट होत नाहीत. त्यांच्यासाठी तीव्र सोडियम हायड्रॉक्साइड आणि नेहमीपेक्षा जास्त तापमानाची, जास्त वेळ दिलेली वाफ लागते. ते इलेक्ट्रोडही नियमाप्रमाणे स्वच्छ केलेलेच होते. नियम दुसऱ्याच शत्रूसाठी होता.

आता थोडक्यात सांगण्यासारख्या चुका. सोयाबीनला बुरशीनाशक आणि रायझोबियम (मुळांवर गाठी करणारे उपयुक्त जिवाणू) एकत्र कालवून लावू नये. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, ते सुकल्यावर आणि पेरणीच्या अगदी आधी जिवाणू संवर्धन. बाजरीचे बी अरगट या बुरशीजन्य रोगासाठी १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून त्यात टाकावे, तरंगणारे काढून नष्ट करावे, आणि तळाचे बी दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे; धुण्याचा कंटाळा केला तर मिठाने उगवण मारली जाते. प्रक्रिया केलेले उरलेले बी जनावरांना किंवा कोंबड्यांना कधीही घालू नये.

उसात काणीचा काळा चाबूक दिसला, की तो तसाच ओढून काढण्याचा मोह होतो, आणि त्या झटक्यात लाखो बीजाणू वाऱ्यावर जातात. आधी चाबकावर पोते किंवा प्लॅस्टिकची पिशवी घालून तोंड बांधावे, मगच बेट मुळासकट खणावे आणि पिशवीसह जाळावे. हे काम सकाळी वारा पडलेला असताना करावे, आणि त्या मळ्यातून बेणे घेण्याचा विचार त्या वर्षी सोडून द्यावा.