जलाशयाकाठच्या जंगलात नव्या वाटेने धावताना या चुका टाळा

‘पाणी डाव्या हाताला ठेवलं की झालं, वाट चुकेलच कशी?’ या भरवशावर मी एकदा ८ किलोमीटरच्या सरावाला निघालो आणि १४ करून परतलो. पाणी शेवटपर्यंत डाव्या हातालाच होतं.

धरणाचा जलाशय म्हणजे बुडालेलं खोरं. मूळ नदीला मिळणारा प्रत्येक ओढाही पाण्याखाली जातो आणि तिथे पाण्याचं एक लांब बोट जंगलात घुसतं. पलीकडचा काठ २०० मीटरवर दिसत असतो, पण तिथे पोचायचं तर बोटाच्या टोकाला वळसा घालावा लागतो. त्यात दोन-तीन किलोमीटर सहज जातात. म्हणून निघण्यापूर्वी नकाशावर ही बोटं मोजा. काठाजवळ समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या नकाशावरच्या रेषा) दाटीवाटीने असतील तर तिथे तीव्र उतार किंवा कडा आहे, वाट वर चढून मग खाली येणार हेही धरून चाला.

वळसा टाळायचा मोह पाणी उतरल्यावर जास्त होतो. उघडा पडलेला तळ भेगाळलेला, टणक दिसतो. वरची पपडीच तेवढी वाळलेली असते, खाली गाळ तसाच. पाय रुतलाच तर हिसका देऊन उपसू नका, दुसरा पाय आणखी खोल जातो. मागे रेलून वजन पसरा, रुतलेला पाय हळूहळू हलवत मोकळा करा आणि आलात तसेच मागे फिरा. उलट, पाणी चढून वाट बुडाली असेल तर त्यातून चालत पुढची वाट शोधू नका. जंगलातून वरच्या अंगाने गेलेली वाट दिसली तर घ्या, नाहीतर परता.

दुसरी चूक, रस्त्यावरचा पेस, म्हणजे धावण्याचा वेग, जंगलात आणणं. मुळं, ओली पानं, चढउतार यांत तोच दम लावूनही वेग बराच उतरतो. शिवाय दाट झाडीत जीपीएसचे सिग्नल अडतात, इकडेतिकडे आपटून घड्याळापर्यंत येतात, त्यामुळे किलोमीटरचा आकडाही कमी-जास्त होतो. अनोळखी वाटेवर अंतर सोडा, वेळ धरा. तासाभराचा सराव असेल तर २५ मिनिटांनी वळा. झाडीत अंधार मोकळ्या रानापेक्षा लवकर पडतो, हेही हिशेबात घ्या.

फाट्यावर बहुतेक जण पुढे बघतात. थांबून मागे वळून बघा, कारण परतताना तुम्हाला तेच दृश्य दिसणार आहे. मीच तीनदा या गोष्टीला फसलोय. उतरताना एकच वाटणारी वाट चढताना दोन निघते. आणि वाट हळूहळू अरुंद होत फांद्या छातीला लागू लागल्या, खाली मात्र मोकळं राहिलं, तर ती बहुधा जनावरांची वाट आहे. ती पाण्यावर नाहीतर झुडपात जाऊन संपेल.

वाट हरवली की ‘अंदाजाने सरळ’ जाणं सगळ्यात वाईट. आपण ज्याला चकवा म्हणतो तो तपासून झालाय. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात माणसांना जंगलात आणि वाळवंटात सरळ चालायला सांगितलं होतं. जंगलात ढगाळ हवेत चाललेली माणसं गोल फिरून स्वतःचाच माग ओलांडत होती, सूर्य दिसत होता तेव्हा सरळ जात होती. तेव्हा थांबा, श्वास खाली येऊ द्या आणि खात्रीच्या शेवटच्या खुणेपर्यंत मागे जा. फोनवर नकाशा आधीच उतरवून ठेवला असेल तर नेटवर्क नसलं तरी ठिकाण कळतं, कारण जीपीएसला फक्त उपग्रहांचा सिग्नल लागतो. धावताना बॅटरी वाचवायला फोन फ्लाइट मोडवर टाका.

तहान लागली म्हणून जलाशयाचं पाणी पिऊ नका, हिरवट तवंग असेल तर उकळूनही नाही. काही शेवाळाचं विष उकळल्याने जात नाही. धरणाच्या खालच्या अंगाला नदीपात्रात उतरू नका, पाणी कधीही सोडलं जातं.

घरी कोणत्या बाजूने शिरणार आणि किती वाजेपर्यंत परतणार, दोन्ही सांगून निघा. त्या १४ किलोमीटरच्या दिवशी मी नुसतं ‘धावून येतो’ एवढंच म्हणालो होतो.