फिल्टर केलेली यादी दुसऱ्यांदा रिकामी का येते?

पायथन 3 मध्ये मॅप (प्रत्येक घटकावर फंक्शन चालवणारं) आणि फिल्टर (अटीत बसणारे घटक निवडणारं) लिस्ट देत नाहीत, इटरेटर (मागितल्यावर एकेक घटक देणारा ऑब्जेक्ट) देतात. तो एकदाच वाचता येतो. एकदा बेरीज करून मग त्याच व्हेरिएबलवर मॅक्स चालवलं, तर व्हॅल्यू-एरर येते. फॉर लूप लावलं तर त्याहून वाईट: एररही नाही, लूप गुपचूप शून्य वेळा फिरतं. निकाल दोनदा लागणार असेल तर सुरुवातीलाच त्याची लिस्ट करून ठेवा. डेटा काही जीबींच्या फाइलमधून येत असेल तर मात्र नको, मेमरी भरेल. एकाच फेरीत सगळं मोजा.

आणखी एक. फिल्टरला फंक्शनऐवजी नन (None, पायथनमधली ‘काहीच नाही’ ही व्हॅल्यू) दिलं की रिकाम्या नोंदींसोबत 0 सुद्धा गळतो, म्हणजे गुणांच्या यादीतून शून्य मिळालेला विद्यार्थीच गायब. तिथे लिस्ट कॉम्प्रिहेन्शन (एकाच ओळीत लूप आणि अट लिहून लिस्ट बनवण्याची पद्धत) घ्या आणि ‘नन नसेल तरच ठेव’ ही अट स्पष्ट लिहा.