लीगचा उतारा कसा काढायचा

धरणगावच्या एका जिनिंगमध्ये मी हिशेब लिहितो. आमच्याकडे कापसाची गाडी काट्यावर चढली की भावाच्या आधी उताऱ्याची चर्चा होते. शंभर किलो कापसातून रुई किती निघणार, चौतीस किलो की छत्तीस? फुटबॉलकडेही मी याच नजरेने बघायला लागलो आणि युरोपात कुठल्या देशाची लीग भारी यावरून भाच्याशी होणारी मध्यरात्रीची भांडणं जरा आटोक्यात आली. तो स्पेनच्या रिअल माद्रिदचा भक्त. ‘कप कोणी जिंकले ते बघा ना मामा,’ एवढंच त्याचं पालुपद. माझं म्हणणं, आधी वही काढ.

वही आडवी धरा. डाव्या कडेला हंगाम लिहा. वर रकाने आखा: इंग्लंड, स्पेन, जर्मनी, इटली, फ्रान्स आणि सहावा पोर्तुगाल. पोर्तुगाल कशाला, ते पुढे येईल. प्रत्येक देशाच्या रकान्यात मधोमध रेघ मारा. एका बाजूला मैदान, दुसऱ्या बाजूला पैसा.

मैदानासाठी युएफाचा, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाचा, देशवार गुणांक घ्या. तो असा निघतो: युरोपियन स्पर्धेत देशाच्या क्लबने सामना जिंकला की २ गुण, बरोबरी झाली की १. पात्रता फेरीत याच्या निम्मे. पुढच्या टप्प्यात पोचल्याचे बोनस गुण वेगळे. सगळ्या क्लबांची बेरीज करून त्या देशाचे जितके क्लब उतरले तितक्याने भागायचं. नऊ क्लबांनी मिळून १८० गुण कमावले तर गुणांक २०. युएफा असे पाच हंगाम जोडून क्रमवारी लावते. तुम्ही मात्र एकेका हंगामाचा आकडा आधी लिहा, पाच वर्षांची बेरीज खाली स्वतः करा. नाहीतर एक सुगीचं वर्ष पाच वर्षं फुगवटा देत राहतं आणि घसरण कधी लागली ते कळतच नाही. २०२४-२५ च्या ओळीवर लाल रेघ मारा. त्या हंगामापासून स्पर्धांची रचना बदलली, बोनसचे नियमही बदलले. रेघेच्या वरचा आणि खालचा आकडा थेट ताडून बघू नका.

गुणांकाने ताकद किती ते कळतं, पण ती लीगमध्ये कुठे बसली आहे ते कळत नाही. २०१४ ते २०१८ सलग पाच वर्षं चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपच्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा, स्पेनकडे, पण क्लब दोनच: रिअल आणि बार्सिलोना. उलट २०२५ च्या मे महिन्यात बिलबाओला झालेली युरोपा लीगची (युरोपची दुसऱ्या क्रमांकाची स्पर्धा) फायनल आठवा. आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू झाली. उकाड्याने घरात बसवेना म्हणून आम्ही गच्चीवर मोबाईल पाण्याच्या टाकीला टेकवून बघितली. टॉटनहॅम जिंकलं, मँचेस्टर युनायटेड हरलं. त्या हंगामात इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये टॉटनहॅम सतरावं होतं आणि युनायटेड पंधरावं! म्हणून मैदानाच्या रकान्यात गुणांकाखाली बारीक अक्षरात लिहून ठेवा की उपांत्यपूर्व फेरीपर्यंत त्या देशाचे वेगवेगळे क्लब किती पोचले.

आता पैसा. इथे सगळे घसरतात, मीही घसरलो.

डेलॉइट या हिशेब तपासणाऱ्या कंपनीचा फुटबॉलच्या अर्थकारणावरचा अहवाल दरवर्षी येतो. त्यातलं लीगचं एकूण उत्पन्न घ्या. त्यात तिकीटबारी, प्रक्षेपण आणि जाहिरात-प्रायोजक असे तीन झरे असतात. खेळाडू विकून आलेली रक्कम त्यात धरत नाहीत, आणि ते बरंच आहे. बैल विकून आलेला पैसा कोणी पिकाच्या उत्पन्नात लिहीत नाही. २०२३-२४ ला प्रीमियर लीगचं उत्पन्न सुमारे ६.३ अब्ज पाउंड होतं. जर्मनी आणि स्पेन प्रत्येकी सुमारे ३.८ अब्ज युरो.

पाउंड आणि युरो, लक्षात आलं ना? माझ्या पहिल्या वहीत मी सगळं युरोत उतरवलं आणि २००८-०९ पाशी इंग्लंड गडगडलेलं दिसलं. दोन दिवस मी मंदीवर व्याख्यान झोडत होतो. भाच्याने पान बघितलं आणि म्हणाला, ‘मामा, लीग नाही पडली, पाउंड पडलाय.’ खरंच होतं. २००७ मध्ये जवळपास दीड युरोला असलेला पाउंड २००८ संपताना एका युरोच्या आसपास आला होता. तेव्हापासून मी वाढ त्या देशाच्याच चलनात मोजतो. देशादेशांची तुलना करताना त्या वर्षी इंग्लंडला शंभर धरून बाकीच्यांचं प्रमाण लिहितो. रुपयात तर करूच नका, तिसरीच गंमत होते.

दुसरा खड्डा म्हणजे प्रक्षेपण कराराचा जाहीर आकडा. फ्रान्सच्या लीगने २०२० पासून वर्षाला ८० कोटी युरोंहून जास्त देणारा करार मीडियाप्रो या प्रक्षेपण कंपनीशी केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हप्ता थकला आणि डिसेंबरात करारच मोडला. व्यापाऱ्याने भाव बोलला म्हणून जमा धरत नाहीत. चेक वटला की धरा.

तिसरी गोष्ट वाटपाची. २०१६-१७ ला प्रीमियर लीगने क्लबांना वाटलेल्या मध्यवर्ती पैशातून पहिल्या आलेल्या चेल्सीला सुमारे १५१ दशलक्ष पाउंड मिळाले आणि तळाला जाऊन खाली उतरलेल्या संडरलंडला सुमारे ९३. स्पेनमध्ये २०१५ चा कायदा येईपर्यंत क्लब आपापले प्रक्षेपण हक्क विकत. त्यामुळे रिअल-बार्सिलोनाच्या ताटात पुरणपोळी आणि बाकीच्यांना कळण्याची भाकरी. बिलबाओची ती फायनल आणि इंग्लंडचा हा वाटा शेजारी ठेवून बघा.

जुन्या वर्षांचे हिशेब हाती लागत नाहीत. तिथे मी जागतिक विक्रमी बोलीचा खेळाडू कुठे गेला ते बघतो. १९८४ ला मॅराडोना नापोलीत, १९८७ ला गुलिट मिलानमध्ये, १९९० ला बाजिओ युव्हेंटसमध्ये. १९९२ च्या एका उन्हाळ्यात विक्रम तीनदा मोडला, पापँ, वियाली आणि लेंतिनी, आणि तिन्ही वेळा घेणारा क्लब इटलीचा. मैदानाचा रकाना त्याला जुळतो: १९९० ला युरोपचे तिन्ही कप इटलीला, १९९२ ते १९९८ सलग सात वेळा चॅम्पियन्स लीगच्या (आधीच्या युरोपियन कपच्या) फायनलमध्ये इटलीचा क्लब. त्याच काळात इंग्लंडचा रकाना रोडावलेला दिसला तर तेवढ्यावरून निकाल देऊ नका. हेझेल स्टेडियममधल्या दुर्घटनेनंतर इंग्लिश क्लबांवर युरोपियन स्पर्धांत १९८५ ते १९९० बंदी होती. रिकामा रकाना आणि शून्य यात फरक असतो.

शेवटी उतारा. हंगामाचा गुणांक घ्या आणि त्याला त्या लीगच्या पगारखर्चाने भागा. उत्पन्नाने नाही, कारण मैदानात धावतो तो पगार. इथे पोर्तुगालची गंमत कळते. तिथल्या पोर्तोने २००३ ला युएफा कप (आजची युरोपा लीग) आणि २००४ ला चॅम्पियन्स लीग नेली. २०११ ची युरोपा लीगची फायनल तर पोर्तो आणि ब्रागा या पोर्तुगालच्याच दोन क्लबांत झाली. खेळाडू घडवून विकणाऱ्या देशाचा उतारा इंग्लंडपेक्षा चांगला निघतो. इंग्लंडकडे कापूसच इतका येतो की उतारा हलका असला तरी गाठी जास्त बांधल्या जातात.

मे संपला की मैदानाचा रकाना भरून होतो, पैशाचा नाही. बहुतेक क्लबांचं वर्ष ३० जूनला संपतं आणि हिशेब बाहेर यायला पुढे कित्येक महिने जातात. म्हणून पैशाची शेवटची ओळ मी पेन्सिलने लिहितो. भाच्याने यंदा दिवाळीत मला खोडरबरांचा अख्खा डबा आणून दिलाय.