हॉलिवूडची पाटी: कुठून पाहावी, काय ओळखावे

लॉस एंजेलिसच्या माउंट ली डोंगरावरची आजची अक्षरे १९७८ची आहेत, मूळ पाटीची नाहीत. बहुतेकांची गफलत इथेच होते. १९२३ साली घरांच्या प्लॉटची जाहिरात म्हणून लाकूड-पत्र्याची ‘हॉलिवूडलँड’ पाटी उभी राहिली. तिच्यावर सुमारे ४,००० दिवे होते. १९४९मध्ये ‘लँड’ काढले, पण देखभालीअभावी पाटी कुजतच गेली. सत्तरच्या दशकाअखेरीस पहिल्या ‘ओ’चा माथा तुटून तो ‘यू’सारखा दिसू लागला, तिसरा ‘ओ’ तर पूर्ण कोसळला. मग नऊ देणगीदारांनी एकेका अक्षराचे सुमारे २७,७७८ डॉलर दिले आणि ४५ फुटी पोलादी अक्षरे उभी राहिली. जुने फोटो पाहताना शेवटचे ‘लँड’ आधी शोधा, काळ लगेच कळतो.

समोरून फोटो हवा असेल तर लेक हॉलिवूड पार्क उत्तम. ग्रिफिथ वेधशाळेतून झूम लेन्स लागते. मे-जूनच्या सकाळी समुद्रावरून आलेले ढग पाटी झाकतात, त्यामुळे दुपारनंतरच जा. ब्रश कॅन्यनची वाट जाऊन-येऊन सुमारे १० किलोमीटर. सावली जवळजवळ नाही, माणशी दोन लिटर पाणी घ्याच. ती वाट अक्षरांच्या मागे पोहोचते, म्हणजे नाव उलटे दिसते. कुंपण ओलांडू नका, तो गुन्हा आहे. रात्री पाटीवर रोषणाई नसते.